केनिया: दिराने विधवेची जमीन अडवलीय. ज्येष्ठांच्या बैठकीत जावं की सरळ कोर्टात?

मॅकाडेमियावाली

नमस्कार मंडळी,

मी मूळची फलटणची. सध्या केनियात, मेरू भागात, मॅकाडेमिया (एक सुकामेवा) विकत घेणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. न्कुबूच्या वरच्या अंगाला, माउंट केनियाच्या उतारावर आमचं खरेदी केंद्र आहे. तिथे माल निवडायला येणाऱ्या एका बाईंसाठी सल्ला हवा आहे.

त्यांचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला. जमीन दोन एकरांच्या आतली: थोडी कॉफी, केळी, मॅकाडेमियाची काही झाडं आणि एक गाय. पदरात तीन मुली. टायटल डीड अजून सासऱ्याच्या नावावर आहे आणि सासरा जाऊन कैक वर्षं झाली. (आपल्याकडे सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव तसंच राहतं, अगदी तोच प्रकार.) नवऱ्याच्या माघारी दिराने शेतात मधोमध खांब रोवून तार ओढली. त्याचं म्हणणं, भावाला मुलगा नाही, मुली लग्न होऊन जाणार, वहिनीने घरात खुशाल राहावं, पण जमीन माझी. मला हे कळायचं कारण म्हणजे त्याच झाडांची पोती घेऊन तो आमच्याच केंद्रावर आला. काट्यावरच्या मुलाने एकदा पोत्यांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि वजन करायला नकार दिला. त्यावरून जी वादावादी झाली त्यात सगळं बाहेर आलं.

आता कुळातल्या ज्येष्ठांनी दोघांनाही बैठकीला बोलावलंय. प्रत्येकाने एक बोकड आणि वर काही रोकड आणायची. बाई रोजंदारीवर आहेत. मेरू शहरातल्या वकिलाने नुसतं प्रकरण हातात घ्यायलाच जी रक्कम सांगितली ती त्यांना जमणारी नाही, आणि वर "वर्षं लागतील" असंही सांगितलं. शिवाय दीर म्हणतो, बैठकीत बोकडाची शपथ घेऊन दाखव. बाई मेथडिस्ट चर्चच्या आहेत, त्यांना ती शपथ घ्यायची नाही. न घेतली तर खोटी ठरणार अशी त्यांना भीती आहे.

बैठकीत जे ठरेल ते कोर्टात टिकतं का? तिथे हरल्या तर पुढचा रस्ता बंद होतो का? मी परकी बाई, मी सोबत जाऊन बसावं का? आफ्रिकेत राहिलेल्यांपैकी कोणी असं जवळून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

सांगलीकर

ताई, जाऊ देऊ नका त्यांना तिथे. म्हाताऱ्या पुरुषांची पंचायत बाईच्या बाजूने निकाल देईल ही आशाच सोडा. आपल्याकडे जातपंचायतींनी किती घरं वाळीत टाकली, किती बायकांचे हाल केले ते पाहिलंय मी. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा उगाच नाही केला. वर्गणी काढा, वकील करा, कोर्टात जा. मी माझ्या परीने पैसे पाठवायला तयार आहे.

---

मॅकाडेमियावाली

दादा, मनापासून आभार. पैशाचं होईल काहीतरी. पण बाईंचं म्हणणं असं की कोर्ट जिंकले तरी राहायचं त्याच दिराच्या शेजारी. पाण्याची वाट त्याच्या बांधावरून आहे. बैठकीला गेलेच नाही तर उद्या गाय आजारी पडली तरी कोणी मदतीला येणार नाही. म्हणून तर विचारतेय.

---

जुना कॉफीवाला

ताई, मी मेरू आणि एम्बूच्या कॉफी सोसायट्यांबरोबर उमेदीची वर्षं काढली, आता नाशिकला असतो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

सांगलीकरांचा राग समजतो, पण आधी तिथे कोण कोण आहे ते नीट पाहू. बाहेरून आलेल्या माणसाला सगळे "गावचे पंच" एकच वाटतात. तसं नाही. एक आहे चीफ. तो राजा नाही, वतनदारही नाही. सरकारी पगार घेणारा नेमलेला माणूस आहे. मेरू लोकांत पूर्वी चीफ नव्हतेच, ते ब्रिटिशांनी आणले. दुसरे, कुळातले ज्येष्ठ. त्यांनीच तुमच्या बाईंना बोलावलंय. तिसरी, सगळ्या मेरूंची मोठी सभा, न्जुरी न्चेके. न्चिरूला तिचं मुख्य ठिकाण आहे. जमिनीचे अडलेले वाद तिथवर जातात, आणि कधी कधी कोर्टसुद्धा दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण तिकडे पाठवतं. बोकडाची शपथ, तिकडे न्थेंगे म्हणतात ती, तिथलीच.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. आमच्या सोसायटीच्या दोन सभासदांत बांधाचा वाद होता. फॅक्टरीला जायची पायवाट नेमकी त्या बांधावरून, म्हणून मला हजर राहावं लागलं. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्येष्ठांच्या हातात काठ्या, एका तरुण मास्तरच्या हातात शंभरपानी वही. पहिला अर्धा दिवस कोणी कोणाला तोडलंच नाही. एकाने आईपासून सुरुवात केली, दुसऱ्याने आजापासून. मला वाटलं, हे काय चाललंय! मग सगळे उठले आणि शेतात गेले. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने काठीने जमीन टोचत टोचत एक जागा दाखवली, म्हणाला इथे खणा. हातभर खाली बांधावर लावायच्या झाडाचा जुना कुजका बुंधा निघाला. पुढे पंधरा-वीस पावलांवर दुसरा. सरकारी मोजणी झाली त्या काळात एकाच्या बापाने बांध आत सरकवला होता, हे त्या बुंध्यांच्या रांगेवरून सगळ्यांना दिसलं. ज्याच्या बापाने सरकवला त्याने मान खाली घातली. दंड म्हणून एक मेंढा लागला, तो तिथेच कापला आणि दोन्ही घरांनी एका ठिकाणी बसून खाल्ला. पायवाट जिथे होती तिथेच राहिली. कोर्टातला न्यायाधीश कितीही चांगला असला तरी त्या झाडांची रांग त्याला ठाऊक असणं शक्य नाही. म्हणून मी "जाऊ नका" म्हणणार नाही.

पण त्याच मंडळींसमोर दुसरं प्रकरण आलं ते एका विधवेचं, आणि तिथे माझी झोप उडाली. तिला खुर्ची नव्हती. कडेला गवतावर बसवलं होतं. तिच्या वतीने तिचा भाऊ बोलायचा, आणि तो आला नव्हता. पहिला प्रश्न आला तो जमिनीचा नव्हता. तुझ्या नवऱ्याने तुझं देज (लग्नात नवऱ्याकडून मुलीच्या बापाला द्यायचं ते) पुरतं फेडलं होतं का, हा होता. फेडलं नसेल तर तू बायकोच नव्हेस, मग जमीन कसली? तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण देज तिच्या बापाला मिळायचं, हिशेब पुरुषांनी ठेवायचा. तीच माणसं, तेच झाड, तीच वही. बांधाच्या वादात दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या तेव्हा न्याय झाला. इथे एक बाजू दुबळी होती आणि बैठकीने तिला आणखी खाली ढकललं. माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे: तिथे जावं, पण रिकाम्या हाताने आणि एकटीने जाऊ नये.

"आमची पूर्वापार रीत आहे" असं कोणी म्हणालं तर तेही जरा तपासून घ्या. न्जुरी न्चेकेने १९५६ साली मुलींच्या सुंतेवर बंदी घातली. ऐकायला छान वाटतं. पण त्यामागे ब्रिटिश अधिकाऱ्यांचा रेटा होता आणि ठरवणाऱ्यांत एकही बाई नव्हती. परिणाम काय, तर कोवळ्या पोरींनी बंदी झुगारून ब्लेडने एकमेकींची सुंता केली. सभेच्या शिक्क्यामागे सरकार असतं, मिशनरी असतात, चीफ असतो. पुढे १९९० च्या कायद्याने ज्येष्ठांची जमीन-लवादं बसवली, त्यांनी अधिकाराबाहेर जाऊन मालकीचे निकाल दिले, कोर्टांनी ते रद्द केले, आणि २०११ मध्ये ती लवादंच गेली. रीत बदलत आलीय आणि आजही बदलते. तुमच्या बाईंच्या बाजूने बदलायला हरकत काय आहे?

तर काय करायचं. बाईंबरोबर त्यांच्या चर्चच्या गटातल्या किंवा भिशीच्या गटातल्या चार-पाच वयस्क बायका न्या. तिथल्या बायकांचे हे गट फार खमके असतात. तुम्ही जा, पण मागे बसा. तुमच्या कंपनीच्या टी-शर्टात जाऊ नका, नाहीतर "म्झुंगूची (गोऱ्याची) कंपनी जमीन गिळायला आली" अशी आवई उठेल. (भारतीय असलात तरी.) केंद्रावरच्या जुन्या खरेदीच्या पावत्या नवऱ्याच्या नावच्या असतील, त्या छापून न्या, कोणाच्या झाडांचा माल कोणी कित्येक वर्षं विकला हे त्यावरून दिसतं. आणि एक विचारून घ्या: नवऱ्याला पुरलं कुठे? त्याच जमिनीत पुरलं असेल तर ज्येष्ठांसमोर याहून मोठा पुरावा नाही. देजाची बोलणी ज्यांच्यासमोर झाली त्यांतला एखादा म्हातारा हयात असेल तर त्याला काहीही करून आणा.

शपथेचं म्हणाल तर घेऊ नका. "मी बायबलवर हात ठेवून सांगते" म्हणावं. मेरूत मेथडिस्ट चर्च मुरलेलं आहे, ज्येष्ठांतले निम्मे रविवारी तिथेच असतात.

---

नैरोबीकर वकील

मी नैरोबीत वकिली करते. आईवडील पुण्याचे, माझा जन्म इथला, त्यामुळे मराठी कुठे अडखळली तर सांभाळून घ्या. काकांनी बैठकीबद्दल लिहिलंय ते खरं आहे. मी कायद्यापुरतं लिहिते.

२०१० च्या राज्यघटनेत कलम १५९ आहे. कोर्टांनी पारंपरिक वाद-निवारणाला उत्तेजन द्यावं असं त्यात म्हटलंय आणि लगेच पुढे अट आहे: ते मूलभूत हक्कांच्या, न्याय-नीतीच्या किंवा लेखी कायद्याच्या विरोधात जाता कामा नये. जमिनीबद्दलच्या कलम ६० मध्येही दोन्ही गोष्टी एकाच यादीत शेजारी-शेजारी आहेत: जमिनीच्या रितीभातींतला स्त्री-पुरुष भेद संपवायचा, आणि समाजाने आपले वाद आपल्या पद्धतीने मिटवायला प्रोत्साहन द्यायचं. २०२० साली न्यायसंस्थेने पर्यायी न्यायव्यवस्थेचं धोरणही आणलं. त्यामुळे तुमच्या बाईंनी बैठकीला जाण्यात बेकायदा काही नाही. पण "मुली आहेत म्हणून जमीन नाही" असा निकाल दिला गेला तर तो कोर्टात टिकायचा नाही.

वारसा कायदा १९७२ चा, लागू झाला १९८१ मध्ये. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. काही पशुपालक जिल्ह्यांतली शेतजमीन त्यातून वगळून रितीवर सोडलीय, पण मेरू त्या यादीत नाही. २००५ मध्ये रोनो कुटुंबाच्या खटल्यात अपील कोर्टाने हाच मुद्दा निकालात काढला. खालच्या कोर्टाने मुलग्यांना ३०-३० एकर आणि मुलींना ५-५ दिले होते, कारण काय तर मुली लग्न करून जातील! अपिलात मुलींना समान वाटा मिळाला. दिराच्या युक्तिवादाला तेव्हाच उत्तर मिळालंय.

देजाबद्दल: २०१४ च्या विवाह कायद्यात स्पष्ट आहे की रितीप्रमाणे झालेलं लग्न शाबीत करायला देजाची नाममात्र रक्कमही पुरते. "पुरतं फेडलं का" हा प्रश्न कायद्यात उरलेला नाही. हे वाक्य बैठकीत कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

आता कागद. पहिलं, जमीन नोंदणी कार्यालयात पार्सल नंबर देऊन सर्च काढा. सासऱ्याचंच नाव आहे की मधल्या मध्ये कोणी फिरवलं हे कळेल. दुसरं, त्या नोंदीवर कॉशन लावायला अर्ज करा, म्हणजे बाईंना न कळवता व्यवहार होणार नाही. तिसरं, चीफचं पत्र. त्यात मयताचे सगळे वारस लिहिलेले असतात आणि वारसा अर्ज त्यावाचून पुढे सरकत नाही. तिन्ही मुलींची नावं त्यात आलीच पाहिजेत. इथेच नावं गाळली जातात. आधी नवऱ्याच्या वारसाचा कागद करायचा, मग सासऱ्याच्या इस्टेटीत नवऱ्याचा हिस्सा मागायचा. अर्ज केला की गॅझेटमध्ये ३० दिवसांची नोटीस लागते, आणि वाटणी कायम व्हायला साधारणपणे सहा महिने थांबावं लागतं. एवढ्या लहान इस्टेटीसाठी हायकोर्टात जायची गरज नाही, न्कुबूचं मॅजिस्ट्रेट कोर्ट चालतं. दरम्यान मयताच्या मालमत्तेत परस्पर हात घालणं हा वारसा कायद्याच्या कलम ४५ खाली गुन्हा आहे. तार ओढणं आणि माल विकणं त्यात बसू शकतं. दिराला हे आधी प्रेमाने सांगा.

सगळ्यांत महत्त्वाचं सांगते. बैठकीच्या शेवटी कागदांवर सह्या-अंगठे होतात. त्या गठ्ठ्यात वारसांच्या संमतीचा कोर्टाचा फॉर्म घुसवलेला मी स्वतः पाहिलाय. बाईला वाटतं ती हजेरीची सही करतेय, आणि तिने वाटणीला संमती दिलेली असते. प्रत्येक कागद वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो, आणि शंका आली तर "चर्चच्या पाद्र्यांना दाखवून उद्या आणते" म्हणायचं.

फीसाठी: २०१६ च्या कायद्याने सरकारी विधी-साहाय्य सेवा आहे आणि त्यात पॅरालीगलना (वकील नसलेल्या प्रशिक्षित कायदा-साहाय्यकांना) मान्यता आहे. फिडा-केनिया ही महिला वकिलांची संघटना १९८५ पासून बायकांचे खटले मोफत घेते, तिथे स्वतः कोर्टात उभं राहायचं प्रशिक्षणही मिळतं. त्यांना फोन करा.

सांगलीकर दादा, एक तुमच्यासाठी. कोर्ट म्हणजे आपोआप न्याय असंही नाही. १९८७ साली नैरोबीतले नामांकित फौजदारी वकील एस. एम. ओटिएनो यांच्या अंत्यविधीवरून विधवा वांबुई आणि ओटिएनोंचं लुओ जमातीतलं कुळ यांच्यात खटला झाला. देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, म्हणजे अपील कोर्टाने, रितीचा हवाला देऊन मृतदेह कुळाच्या हवाली केला. शिकलेली, पैसेवाली, नावाजलेली बाई होती ती. माझी आई अजूनही तो खटला आठवून चिडते.

---

किगालीकर

मी रवांडात शाळेत शिकवत होते. तिथे हीच गोष्ट सरकारने कायद्यात बसवलीय, म्हणून लिहिते. प्रत्येक सेलला (गावांचा लहानसा गट) सात जणांची अबुंझी समिती असते, लोकांनी निवडलेली. निदान ३० टक्के बायका असाव्याच लागतात. पगार नाही, घरच्यांचा आरोग्य विमा तेवढा मिळतो. तुमचं प्रकरण ऐकायला त्यांतले तीन जण बसतात, दोन्ही बाजूंना चालणारे. पटलं नाही तर वरच्या सेक्टर समितीकडे, तिथेही नाही तर कोर्टात. जनसंहारानंतरची गचाचा न्यायालयं २०१२ मध्ये बंद झाली, पण अबुंझी चालूच आहेत.

माझ्या शेजारणीचा भावांशी जमिनीचा वाद तिथे गेला. मला वाटलं होतं म्हातारे तिला गप्प करतील. पण समितीत दोन बायका होत्या, आणि त्यांतली एक भाजी विकणारी बाई सरळ म्हणाली, "१९९९ चा कायदा आहे, मुलीला वाटा आहे, आता पुढे बोला." त्या एका वाक्याने भावांचा आवाज बसला. शेजारणीचं तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

पण तिथेही सगळं गोड नाही. लहान दाव्यात आधी अबुंझीकडे जाणं सक्तीचं होतं. म्हणजे ज्या बाईला गावात धाक आहे तिला गावातूनच सुरुवात करायला लावायची. आणि ज्या बायका नोंदणी न करता नांदतात त्यांचं जमिनीच्या कागदावर नावच नसतं, त्यांना समितीही फारसं देऊ शकत नाही. केनियातली बैठक ऐच्छिक आहे आणि बाईंना हवं तेव्हा उठून कोर्टात जाता येतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

---

सांगलीकर

वकीलताई, काका, एवढं कळलं. माझा विरोध थोडा मवाळ झालाय. पण एक विचारतो. जमिनीचं ठीक. उद्या याच बाईंच्या मुलीच्या अंगावर कोणी हात टाकला तरीही बैठकच?

---

जुना कॉफीवाला

नाही. त्रिवार नाही. तिथे माझं मत तुमच्याइतकंच कडक आहे. ईशान्य केनियात सोमाली समाजात त्याला मस्लहा म्हणतात: मुलीवर बलात्कार होतो आणि दोन्ही घरचे पुरुष उंटांवर नाहीतर पैशावर तडजोड करतात. मुलीला कोणी विचारतही नाही. मेरूकडे तेच शेळ्यांवर होतं. तिथे वाद दोन घरांचा मानला जातो, मुलगी त्यात कुठेच नसते. असल्या प्रकरणात बैठकीला नुसतं हजर राहणंसुद्धा पाप आहे असं मी मानतो.

---

नैरोबीकर वकील

काकांशी पूर्ण सहमत. आणि मेरूचंच उदाहरण आहे. अत्याचार झालेल्या मुलींच्या तक्रारी पोलीस नोंदवत नव्हते, तपास करत नव्हते, म्हणून मुलींच्या वतीने मेरू हायकोर्टात अर्ज झाला. २७ मे २०१३ ला कोर्टाने निकाल दिला की पोलिसांच्या निष्काळजीपणाने मुलींच्या मूलभूत हक्कांचा भंग झालाय. "१६० मुलींचा खटला" म्हणून तो ओळखला जातो. घरचे लोक शेळ्यांवर मिटवायला जातात याचं एक मोठं कारण पोलीस चौकीत दाद लागत नाही हे आहे. त्यामुळे नुसती बैठक वाईट म्हणून भागत नाही. चौकी सुधारेपर्यंत लोक तिकडेच जाणार, आणि ते मला सगळ्यांत जास्त छळतं.

---

मॅकाडेमियावाली

मंडळी, बैठक झाली. उशिरा लिहितेय, माफ करा.

काकांनी सांगितल्याप्रमाणे चर्चच्या गटातल्या बायका आल्या, आठ-नऊ तरी असतील, सगळ्यांच्या खांद्यावर एकसारख्या लेसो (छापील सुती चादरी). खुर्च्या नव्हत्या तर त्यांनी शाळेतला बाक उचलून आणला, बाईंना मधे बसवलं आणि स्वतः दोन्ही बाजूंना बसल्या. मी मागे होते. दिराने शपथेचा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ स्वतःच म्हणाले, "चर्चच्या बाईला बोकड दाखवू नकोस." देजाचा प्रश्न आलाच. बाईंच्या मावशीकडे त्या दिवशी दिलेल्या दोन शेळ्या आणि ब्लँकेटाचा हिशेब तोंडपाठ होता. गटाच्या अध्यक्षीण बाईंनी वकीलताईंचं वाक्य किमेरूत ठणकावून सांगितलं.

नवऱ्याची कबर नेमकी तारेच्या पलीकडे, दिराने घेतलेल्या भागात निघाली. ज्येष्ठ तिथपर्यंत चालत गेले. भावाच्या कबरीवरून तार कोणी ओढली, हा प्रश्न सगळ्यांत थोरल्यांनी दिराला विचारला आणि तो काही बोलला नाही. ठरलं ते असं: तार काढायची, झाडं आणि माल बाईंचा, पाण्याची वाट दोघांची. विकलेल्या पोत्यांचे पैसे मात्र "भावाभावांत राहू द्या" म्हणून सोडायला लावले. ते मला पटलं नाही, बाईंनाही नाही, पण त्या म्हणाल्या राहू दे. मुलींचा वाटा पुढे कसा, यावर ज्येष्ठ गप्प. "त्यांची लग्नं झाल्यावर पाहू" एवढंच. म्हणजे खरा प्रश्न तिथेच आहे.

कागदांत संमतीचा फॉर्म होता, वकीलताई! दुसऱ्या पानाखाली. बाईंनी सही केली नाही. वहीतल्या निर्णयाचे मी फोटो काढले, त्यावर तीन ज्येष्ठांच्या आणि मास्तरच्या सह्या आहेत.

चीफचं पत्र परवा मिळालं. पहिल्या मसुद्यात दोनच मुली होत्या, धाकटीचं नाव नव्हतं. बाईंनी तिचा जन्मदाखला टेबलावर ठेवला आणि पत्र बदलून मिळेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत. सर्चमध्ये सासऱ्याचंच नाव आलंय. कॉशनचा अर्ज दिलाय. फिडाच्या लोकांशी बोलणं झालं, नवऱ्याच्या वारसाचा अर्ज कसा भरायचा ते त्या फोनवर सांगताहेत. या आठवड्यात न्कुबूच्या कोर्टात दाखल करू.

तार अजून निघालेली नाही. दीर म्हणतो, सर्व्हेयर येऊन मोजल्याशिवाय काढणार नाही, आणि खर्च वहिनीने करावा. काका, बैठकीच्या निर्णयात मोजणीचा उल्लेख नाही. अशा वेळी परत ज्येष्ठांकडे जायचं, की वारसा अर्ज आत गेल्यावर कलम ४५ ची नोटीस द्यायची? बाईंचा कल आधी ज्येष्ठांकडे जाण्याचा आहे. मला नोटीस हाताशी असलेली बरी वाटते.

---

नैरोबीकर वकील

दोन्ही करा. अर्ज आधी दाखल करा, केस नंबर घ्या, आणि तो नंबर लिहिलेला कागद घेऊन ज्येष्ठांकडे जा. नोटिशीचा मसुदा मी आज रात्री पाठवते, इंग्रजी आणि स्वाहिली दोन्हीत. धाकटीच्या जन्मदाखल्याच्या चार प्रती काढून ठेवा.